गरम झाली की रेषा सोडणारी करवत: बारा टेनॉन सॉचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हाताने करवती बनवणाऱ्या दोन कारागिरांच्या छोट्या कारखान्यातले हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

काम एकाच मापाच्या बारा टेनॉन सॉचे होते, म्हणजे कुसू (जोडात खाचेत बसणारी लाकडाची जीभ) कापायच्या, पितळी पाठ असलेल्या करवतींचे. दातांची कडा ३५० मि.मी. लांब, पाठीखाली पात्याची खोली ९० मि.मी., पात्याची जाडी ०.६३ मि.मी. पोलाद १०९५ जातीचे, ०.९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेले. ते पाणी आणि टेंपर (पाणी दिल्यावर पुन्हा हलके तापवून ठिसूळपणा घालवणे) देऊनच गुंडाळीत येते आणि त्याचा कठीणपणा रॉकवेल सी मापात ५० च्या जवळपास असतो. हा कठीणपणा करवतीला मानवतो. कानस चालते, दात वाकवला तर बहुधा मोडत नाही आणि धारही बरी टिकते.

दात इंचाला ११, म्हणजे दोन टोकांमधले अंतर २.३१ मि.मी., एका पात्यावर दीडशेच्या वर दात. कुसवाचे गाल, म्हणजे त्याच्या रुंद बाजू, लाकडाच्या तंतूंच्या दिशेने चिरायचे असल्यामुळे दात उभ्या चिरीचे होते. कानस पात्याला काटकोनात, दाताचा पुढचा चेहरा पाच अंश मागे कललेला. दोन्ही बाजूंना ०.१२ मि.मी. सेट (एकाआड एक दात डावी-उजवीकडे बाहेर वाकवणे), म्हणजे काप सुमारे ०.८७ मि.मी. रुंद.

पाठ दुमडलेली होती. २.४ मि.मी. जाडीची पितळी पट्टी तापवून मऊ करायची, मधोमध दुमडायची, दोन ओठ एकमेकांना चिकटतील इतके दाबायचे आणि त्या चिमटीत पाते ठोकून बसवायचे. यात गोंद नाही, रिव्हेट नाही, फक्त पितळेची पकड. (दुमडल्यानंतर पितळ पुन्हा तापवले तर ही पकड जाते. नवशिके इथे हमखास चुकतात.) मूठ अक्रोडाची, २२ मि.मी. जाड, पितळी नटांनी बांधलेली. मुठीचा या प्रकरणाशी पुढे काही संबंध निघाला नाही, म्हणून तिच्याबद्दल इतकेच.

पहिल्या चार करवतींचे दात हाताने, तिकोनी कानशीने पाडले होते. एका पात्याला अडीच तास लागत होते. तारीख जवळ आली तशी पाचव्या करवतीपासून हाताच्या फ्लाय प्रेसवर (हाताने फिरवायच्या स्क्रूच्या दाबयंत्रावर) पंच लावून एकेक दात कातरायचे ठरले. काम वीस मिनिटांवर आले. त्यानंतर धार आणि सेट मात्र सर्व बारा करवतींना हातानेच दिला. करवतींवर बनवल्याच्या क्रमाने १ ते १२ आकडे कोरले होते. त्या वेळी ही निव्वळ सवय होती, पुढे तिनेच गुंता सोडवला.

तक्रार

करवती ग्राहकाकडे जाण्याआधी एका अनुभवी सुताराकडे चाचणीला गेल्या. तो वाळलेल्या कठीण लाकडात ७५ मि.मी. खोल कुसवाचे गाल एकामागून एक कापत असे. चार करवतींबद्दल त्याचे काहीच म्हणणे नव्हते. उरलेल्या आठांबद्दल तक्रार एकच होती. पहिले दोन-तीन काप रेषेवर जातात, पुढे करवत बिथरते. आठव्या कापापर्यंत तळाशी दीड ते दोन मि.मी. फरक पडत होता. बहुतेक वेळा ओढ डावीकडे होती.

या तक्रारीत तीन खुणा होत्या. दोष काही काप झाल्यावर येतो, पहिल्या कापात नाही. आठच करवतींत येतो. आणि ओढ 'बहुतेक वेळा' डावीकडे असते, नेहमी नाही. कारागिरांनी यातला फक्त 'डावीकडे' हा शब्द ऐकला.

पहिला उपाय, आणि त्याने काय बिघडवले

करवत एका बाजूला ओढत असेल तर पहिला संशय सेटवर जातो. ज्या बाजूचे दात जास्त बाहेर वाकलेले असतात त्या बाजूला करवतीला मोकळी जागा मिळते आणि ती तिकडे सरकते. उपायही सगळ्यांना पाठ असतो. पाते आडवे ठेवायचे आणि जास्त सेटच्या बाजूवरून बारीक ऑइलस्टोन दातांना लावून एक-दोनदा हलक्या हाताने ओढायचा. दातांच्या बाहेरच्या कडा तेवढ्या झिजतात.

आठही करवतींच्या डाव्या बाजूवर दगड फिरला. नंतर प्रत्येकीने एक-एक काप घेतला. सगळे सरळ गेले. करवती पुन्हा सुताराकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. आता पाचव्याच कापाला रेषा सुटत होती.

इथे थांबून पाहिले पाहिजे, कारण उपायाने दोष वाढवला होता. डाव्या बाजूचा सेट ०.१२ वरून ०.०८ मि.मी. वर आला. काप अरुंद झाला, पाते लाकडाला जास्त घासू लागले, म्हणून जास्त तापू लागले. मूळ आजार तापण्याशीच जोडलेला होता. थंड करवतीने घेतलेल्या एका कापाची चाचणी त्याला कधीच पकडू शकली नसती.

दगड लावण्याआधी डायल गेजने (काट्याच्या सूक्ष्ममापकाने) दातांचे वाकणे मोजले असते तर दहा मिनिटांत कळले असते की सेट दोन्ही बाजूंना ०.११ ते ०.१३ च्या दरम्यान आहे, म्हणजे ठीक आहे. हे मोजमाप झाले, पण करवती दुसऱ्यांदा परत आल्यावर, दगड न लागलेल्या पहिल्या चार करवतींवर. त्यांना सेट त्याच हाताने आणि त्याच सॉ-सेटने, म्हणजे दात वाकवायच्या चिमट्याने, दिला होता.

शोध

दुसऱ्या परतीनंतर हत्यार उचलण्याआधी करवत उलगडत जायचे ठरले. एका वेळी एकच गोष्ट सोडवायची आणि प्रत्येक वेळी दातांच्या रेषेवरून नजर टाकायची. करवत डोळ्याच्या पातळीवर, दात वर, पुढचे टोक उजेडाकडे. दातांची टोके एका ओळीत दिसली तर पाते सरळ, ओळ नागमोडी दिसली तर लहर. सरावलेल्या डोळ्याला अशी पाव मि.मी. लहर दिसते.

थंड स्थितीत आठांपैकी तीन करवतींत हलकी लहर दिसली, पाच सरळ वाटल्या. मग गरम हवेच्या यंत्राने फक्त दातांची कडा हाताला कोमट लागेल इतकी तापवली. क्र. २ (हाताने पाडलेल्या दातांची) जशी होती तशीच राहिली. क्र. ९ मध्ये मधल्या भागात एक पोक डावीकडे आला आणि मुठीजवळ दुसरा उजवीकडे. कडा निवली तशी ओळ पुन्हा जवळजवळ सरळ झाली. ओढ कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे का, याचे उत्तरही यात होते. सेटचा दोष एकाच बाजूला ओढतो. लहर असलेल्या पात्याची ओढ त्या क्षणी कोणता पोक कापात आहे यावर ठरते.

मग मुठीचे नट सैल केले. काही बदलले नाही, म्हणजे मुठीवरचा संशय गेला.

नंतर पाठ काढली. पाते लाकडी जबड्यांत धरून पितळी पाठीच्या खालच्या ओठाला लाकडी ठोकळा लावला आणि एका टोकापासून हलके ठोके दिले. दुमडलेली पाठ अशी उतरते. सुटी पाती सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ठेवून तपासायची नव्हती, कारण इतके पातळ पाते आडवे ठेवले की स्वतःच्या वजनाने बसते आणि लहर दबून जाते. पाते एका टोकाला धरून उभे लोंबते ठेवायचे, सरळपट्टी टेकवायची आणि फटीत फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून पाहायचे. निकाल असा आला:

क्र. ५ आणि ६ सरळ. क्र. ७ मध्ये ०.४ मि.मी. लहर. पुढे ती वाढत गेलेली. क्र. १२ मध्ये १.१ मि.मी. लहर फक्त दातांच्या कडेला, वरची कडा सर्वांची सरळ.

क्रमाने वाढणारा दोष म्हणजे काहीतरी झिजत होते, आणि या कामात झिजणारी वस्तू एकच होती, पंच. पात्यांच्या ज्या बाजूने पंच बाहेर पडला त्या बाजूला, दातांच्या बुडाशी नख फिरवून पाहिले. क्र. ५ वर नख निसटत होते. क्र. १२ वर प्रत्येक दाताच्या बुडाशी बर, म्हणजे कापताना उठलेली खरखरीत कड, अडकत होती. पंचाची कडा भिंगाखाली गोल झालेली दिसली.

म्हणजे एका लक्षणामागे दोन कारणे होती. सहा पात्यांत दोष पात्यातच होता. क्र. ५ आणि ६ ची पाती निर्दोष होती, तरी त्या रेषा सोडत होत्या. त्यांची पाठ तपासली तेव्हा पाते पुढच्या टोकाला पाठीत ९ मि.मी. आणि मुठीकडे साडेसहा मि.मी. गेलेले दिसले. क्र. ५ ची पितळी पाठ तर स्वतःच बाजूला ०.४ मि.मी. वाकलेली होती. वाकड्या चिमटीत सरळ पाते धरले तर ते चिमटीचे ऐकते.

एवढीशी वाढ, एवढी मोठी लहर

धारदार पंच पोलाद कातरतो. बोथट पंच ते आधी दाबतो, मग फाडतो, आणि दाबलेले थोडे पोलाद बाजूला, म्हणजे कडेच्या लांबीच्या दिशेने सरकते. एका दातामागे कडा ०.०००२ मि.मी. वाढली असे धरा. हे मापता येण्यासारखे नाही. पण दीडशे दातांचे ०.०३ मि.मी. होतात. आता दातांची कडा वरच्या कडेपेक्षा ०.०३ मि.मी. लांब आहे आणि तिला जायला जागा नाही. ती बाजूला फुगते.

किती फुगते याचा साधा हिशेब आहे. ३५० मि.मी. ची मोकळी पट्टी दोन्ही टोके पक्की ठेवून ०.०३ मि.मी. लांब केली तर एकाच कमानीत ती मधोमध सुमारे २ मि.मी. बाहेर येते. वाढ ०.०१ असली तरी १.१ मि.मी. येते. खऱ्या पात्याला वरचे पोलाद आणि पितळी पाठ आवरून धरतात, म्हणून तेथे लहर याहून लहान असते. पण प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तापण्याचा हिशेबही तसाच. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे ०.००००११५ पट वाढते. दातांची कडा बाकी पात्यापेक्षा १० अंश सेल्सिअसने जास्त तापली तर ३५० मि.मी. मध्ये ०.०४ मि.मी. वाढ होते. निकोप पात्यात दातांच्या कडेला थोडा ताण शिल्लक असतो, तो ही वाढ गिळून टाकतो. बोथट पंचाने तो ताण आधीच खर्च केला होता. म्हणून थंड असताना ठीक आणि आठव्या कापाला बिथरलेली.

समोर असलेले पर्याय

सहा लहरी पात्यांसाठी चार गोष्टी चर्चेत आल्या.

नवी पाती घालणे सगळ्यांत स्वच्छ होते, पण हाताशी पोलाद तीनच पात्यांपुरते होते आणि नवे यायला वेळ लागणार होता.

पाठीतून ताण देणे, म्हणजे पाते पाठीत थोडे तिरके बसवून दातांची कडा ताणून धरणे. जुन्या करवतींवर हे चालते आणि पाच मिनिटांचे काम आहे. मुख्य कारागिराने ते नाकारले, आणि ते बरोबरच होते. पात्यातला दोष पाठीच्या चिमटीवर सोपवला तर करवत एकदा पडली की दोष परत येतो.

पाते ऐरणीवर ठोकून सरळ करणे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या करवत-कारखान्यांत हे स्वतंत्र कसब मानले जाई. पोलाद वाया जात नाही, खोली कमी होत नाही. पण दोघांपैकी कोणाचाही यात हात बसलेला नव्हता.

दात कापून टाकून नवे पाडणे. फुगलेले पोलाद कडेच्या दोन-अडीच मि.मी. पट्टीतच आहे. ती पट्टी गेली की कारणच गेले. बदल्यात खोली साडेतीन मि.मी. ने कमी होते आणि दीडशे दात पुन्हा हाताने पाडावे लागतात.

ठरले असे: दोन पाती ठोकून पाहायची, जमले तर सगळी तशीच करायची, नाहीतर चौथा मार्ग. क्र. ५ आणि ६ ची पाठ फक्त पुन्हा बसवायची. यात एक निर्णय चांगला होता आणि एक अर्धवट. ठोकायची सुरुवात सगळ्यांत कमी लहरीच्या क्र. ७ पासून केली, हे चांगले. पण सरावासाठी आधी एखादा भंगार तुकडा घेतला नाही.

प्रत्यक्ष काम

क्र. ७. हातोडा पाव किलोचा, तोंड किंचित घुमटाकार आणि आरशासारखे घासलेले. ऐरणीचा माथाही तसाच. तोंडावर ओरखडा असेल तर प्रत्येक ठोक्यासोबत तो पात्यावर छापला जातो. तत्त्व असे: दातांची कडा लांब आहे, ती आखूड करता येत नाही, म्हणून तिच्या वरचे पोलाद तेवढेच लांब करायचे. दातांच्या बुडापासून पहिल्या ३० मि.मी. मध्ये एकही ठोका नाही. त्याच्या वरच्या पट्ट्यात, पाठ बसते तिथपर्यंत, एकेक सेंटिमीटरवर हलके ठोके, दोन्ही बाजूंना सारखेच. दहा ठोके झाले की पाते उभे धरून नजर टाकायची. पन्नास-साठ ठोक्यांत ०.४ ची लहर ०.१ च्या खाली आली आणि कडा तापवल्यावरही आली नाही.

क्र. ८. यात लहर ०.६ मि.मी. होती आणि पोक स्पष्ट दिसत होता. हात पोकावर गेला. पोक दिसला की तो ठोकून आत घालावा असे वाटते, आणि पातळ पात्यात नेमके तेच करायचे नसते. पोक म्हणजे तिथे पोलाद आधीच जास्त आहे. त्याच्यावर ठोका मारला की ते आणखी पसरते. पाच-सहा ठोक्यांत पात्याच्या मध्यभागी सैल फुगा तयार झाला. अंगठ्याने दाबला की डब्याच्या पत्र्यासारखा टक्कन दुसऱ्या बाजूला जाई. तो आजूबाजूचे पोलाद ताणून काढता येतो, पण त्याला मुरलेला हात लागतो. पाते बाजूला ठेवले आणि शिल्लक पोलादातून क्र. ८ साठी नवे घेतले.

इथेच ठोकण्याचा मार्ग बंद केला. तिसरे पाते 'आता जमेल' म्हणून घेतले नाही.

क्र. ९ ते १२. प्रत्येक पात्यावर दातांच्या टोकांपासून साडेतीन मि.मी. वर समांतर रेघ आखली. या मापाच्या दाताची उंची २ मि.मी. च्या आत असते, म्हणजे बुडाखाली दीड मि.मी. निर्दोष पोलाद मिळेपर्यंत कापायचे होते. कातरीने कापले असते तर कडा पुन्हा ताणली गेली असती, म्हणून पाणी पडणाऱ्या संथ चाकावर घासले, रेघेपासून अर्धा मि.मी. अलीकडे थांबून. पाते बोटांनीच धरायचे, बोटांना चटका लागला की थांबायचे. कडेवर निळा रंग चढला तर तिथले तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले असे समजायचे आणि तेवढा भाग कापून टाकायचा. तशी वेळ आली नाही. उरलेला अर्धा मि.मी. पाते दोन लोखंडी कोनांत आवळून सपाट कानशीने रेघेपर्यंत आणला.

दात पाडताना २.३१ मि.मी. च्या खुणांची कागदी पट्टी पात्यामागच्या लाकडी फळीवर चिकटवली. पहिल्या फेरीत प्रत्येक खुणेवर तिकोनी कानशीचा एकच हलका घास, फक्त जागा धरण्यासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत अर्धी खोली. मग दातांच्या टोकांवरून सपाट कानस एकदा लांब ओढली. टोकांवर चमकणारे छोटे सपाट ठिपके आले. ज्या दातावर ठिपका मोठा, त्याच्या बाजूने कानशीला जरा जास्त दाब. ठिपके नाहीसे झाले की दात एका उंचीचे झाले. कानस ५ इंची, बारीक. तिची धार लागते ती कोपऱ्याला, आणि कोपरा मेला की दाताचे बूड रुंद होऊ लागते. दोन पात्यांनंतर कानस बदलली.

सेट फक्त दाताच्या वरच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश भागाला दिला. सॉ-सेटची जीभ बुडापर्यंत गेली तर दाताबरोबर पातेही दबते, आणि लहरीचे आणखी एक कारण घरातच तयार होते.

क्र. ५ आणि ६. वाकडी पाठ आधी लाकडी ठोकळ्यांवर सरळ केली. मग पाते पाठीत दोन्ही टोकांना ८ मि.मी. जाईल असे बसवले. मुठीकडून सुरुवात, टोकाकडे थोडे-थोडे ठोके, प्रत्येक फेरीत दातांच्या ओळीवर नजर. पाते पाठीच्या तळाला टेकू द्यायचे नाही. टेकले की पुढच्या वेळी ताण जुळवायला जागा उरत नाही. काम तासाभरात संपले.

त्यांचा दगडाने उतरवलेला सेट मात्र पुन्हा द्यावा लागला. दात त्याच दिशेला जरा जास्त वाकवायचे होते, तरीही क्र. ६ चे दोन दात तुटले. ते तसेच ठेवले. दीडशेमध्ये दोन दात नसले तरी काप बिघडत नाही. दर धारेला टोके खाली येतील तसे ते दात पुन्हा उगवतात. क्र. ७ चा सेटही असाच दुरुस्त झाला.

निकाल

सर्व बारा करवतींनी चाचणीत एकामागून एक दहा काप घेतले, प्रत्येक ७५ मि.मी. खोल, मध्ये न थांबता. दहाव्या कापात तळाशी फरक ०.३ मि.मी. च्या आत राहिला. काम ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा गेले.

क्र. ९ ते १२ ची खोली ८६.५ मि.मी. झाली होती. मागणी ९० ची होती, म्हणून ग्राहकाला मापासकट कळवले आणि त्याने त्या घेतल्या. क्र. ७ कामाला उत्तम होती, पण तिरप्या उजेडात ठोक्यांचे फिके ठसे दिसत. ती विकली नाही. तिच्याऐवजी उरलेल्या पोलादातून आणखी एक करवत बनवली आणि क्र. ७ कारखान्याच्या कामाला लागली.

काही महिन्यांनी क्र. ५ बद्दल निरोप आला की ती पुन्हा ओढते. ती बाकावरून पडली होती आणि पाठ पुढच्या टोकाला खाली सरकली होती. पाते सरळच होते. पाठ वर कशी आणायची ते सांगितल्यावर वापरणाऱ्यानेच ती लाकडी ठोकळ्याने जागेवर आणली. हीच पाठ खाच पाडलेल्या सबंध पितळी पट्टीची आणि आत गोंद भरलेली असती, तर करवत परत मागवावी लागली असती.

कुठे वेगळे करता आले असते

पहिला चुकलेला क्षण फ्लाय प्रेस वापरण्याचा नव्हता. पंचाने दात पाडणे ही मान्य पद्धत आहे. चूक अशी की पंचाने दाताची पूर्ण खोली एकाच दणक्यात घेतली. खोलीचा सत्तर टक्के भाग पंचाने आणि उरलेला कानशीने घेतला असता, तर दाबले गेलेले पोलाद कानशीबरोबरच निघून गेले असते. वेळ पात्यामागे चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागला असता. अडीच तासांपेक्षा तरी कमीच. आता तिथे असेच करतात आणि दर तिसऱ्या पात्यानंतर पंचाला धार देतात. या कठीणपणाच्या पोलादावर पंच किती लवकर मरतो, हे आधी कोणी मोजलेच नव्हते.

दुसरा क्षण तक्रार ऐकण्याचा. सुताराने 'काही कापांनंतर' हे शब्द स्वतःहून सांगितले होते. त्यावर एक प्रश्न विचारायला हवा होता: ओढ नेहमी एकाच बाजूला असते का? उत्तर 'नाही' आले असते आणि दगड कपाटातच राहिला असता.

तिसरी गोष्ट तपासणीची. पाते दात पाडण्याआधी सरळ आहे हे पाहिले होते, त्यानंतर थेट तयार करवत. मध्ये चार टप्पे गेले: दात, सेट, पाठ, मूठ. प्रत्येकानंतर पाते उभे धरून एक नजर टाकायला अर्धे मिनिट लागते. क्र. ७ चे दात पडल्यावर ती नजर टाकली असती तर ८ ते १२ चे काम तिथेच थांबले असते.

क्र. ८ बद्दल दोघांचे अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, ठोकण्याच्या वाटेला जायलाच नको होते. सगळी पाती सरळ कापायला घेतली असती तर पाते वाचले असते आणि दोन दिवसही. दुसऱ्याचे म्हणणे, क्र. ७ ची खोली वाचली ती त्यामुळेच, आणि हे कसब कधीतरी शिकावेच लागणार होते. फुगा आलेले ते पाते फेकलेले नाही. ते ऐरणीमागे खुंटीला टांगले आहे आणि रिकामा वेळ मिळाला की दुसरा कारागीर त्याच्या फुग्याभोवती, फुग्याला हात न लावता, दहा-वीस ठोके देऊन पाहतो.